कोटातला कापूस

३ मार्च

प्रिय ताई,

पार्सल पोचलं. निळा कोट घालून आपली छकुली स्टेजवर आली आणि पहिल्या रांगेतल्या बायका गाणं सोडून कोटच बघत बसल्या. मी पडद्याआडून मनात म्हणत होतो, बघा, बघून घ्या, आमच्या ताईच्या हातचा आहे.

आता कामाचं. मेच्या शेवटी स्टेडियममध्ये कार्यक्रम आहे. इतका मोठा आजवर कधी झाला नाही. त्यासाठी लाल कोट हवा, गुडघ्याखाली येईल असा लांब आणि कॉलर उभी. मापं मागच्या पानावर लिहिली आहेत. छाती आणि कंबर आधीपेक्षा कमी दिसेल, लगेच आरडाओरडा करू नकोस. ती हल्ली मोजूनमापून जेवते. कलावंत माणसं असंच करतात.

काल साहेबांनी ऑफिसात बोलावलं होतं. रेकॉर्ड कंपनीचा मालक आपल्याला समोर बसवून चहा देतो, हे आपल्या घरात कुणाला खरं वाटलं असतं का? त्यांच्या टेबलामागे दोनच फोटो आहेत. एक एके काळी गाजलेल्या गायिकेचा आणि दुसरा बासरीवाल्याचा. आठवतो ना? छकुलीच्या दप्तरात त्याचा फोटो असायचा आणि त्यावरून तू तिला रागवायचीस. दोघंही ऐन भरात गेली. साहेब म्हणाले, "ही दोघं आमच्याकडे कायमची आहेत." अजून दरवर्षी त्यांची नवी रेकॉर्ड निघते आणि हातोहात संपते. छकुली त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. गेला तेव्हा किती वर्षांचा होता, असं तिने विचारलं. सत्तावीस, साहेब म्हणाले. ती हसली, "म्हणजे माझ्याहून एकाच वर्षाने मोठा."

साहेब म्हणतात, तिची जागा याच भिंतीवर आहे. मला तर भरून आलं.

फोन करू नकोस. इथला फोन साहेबांच्या माणसाच्या टेबलावर असतो, मोकळं बोलता येत नाही.

तुझा,
बाब्या


११ मार्च

चि. बाब्या,

माप घेताना टेप छकुलीला लावली होतीस की खुर्चीच्या पाठीला? या मापाचा कोट मी शाळेतल्या पोरीला शिवते. तुझे दाजी इस्त्री करता करता म्हणाले, "साल्याला कधी सरळ रेघ मारता आली नाही, तो माप काय घेणार!" तेव्हा त्या मेकअपवालीला घ्यायला सांग, आणि तू फक्त लिहून घे.

छकुली स्वतः का लिहीत नाही? आधी पानभर लिहायची. आता तुझ्या एखाद्या पत्राच्या खाली नुसतं "ताई, मजेत" असतं, आणि तेही तुझ्याच अक्षरात. मी शिंपीण असले तरी डोळे शाबूत आहेत माझे.

आणखी एक. तुझं पत्र वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. बासरीवाला जाऊन इतकी वर्षं झाली. मेलेल्या माणसाची दरवर्षी नवी रेकॉर्ड येते कुठून? वाजवली कधी त्याने? आणि दोघंही एकाच कंपनीत होती आणि दोघंही पोरवयात गेली, यात भरून येण्यासारखं काय आहे? मला तर तो फोटो न बघताच कसंतरी झालं. समोरचा मेडिकलवाला म्हणत होता, बासरीवाल्याची छाती गेली होती म्हणे.

मापं पाठव. खरी पाठव.

ताई


२० मार्च

प्रिय ताई,

मेकअपवालीने पुन्हा माप घेतलं. माझं चुकलंच होतं. खरं माप त्याहूनही कमी आहे.

तुझ्यापासून लपवून मला झोप लागत नव्हती, म्हणून सगळं लिहितो. छकुलीला खोकला आहे, हिवाळ्यापासून. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. फुफ्फुसावर डाग आहे. इंजेक्शनं सुरू केलीत. त्यांनी सांगितलंय, सहा महिने पूर्ण विश्रांती, गाणं बंद, मोठ्याने बोलणंसुद्धा बंद.

मला वाटलं साहेब चिडतील. पण देवमाणूस निघाला. म्हणाले, "सहा महिने कशाला, वर्षभर सुट्टी घेऊ दे. फक्त लोक विसरायला नकोत." म्हणून असं ठरलंय की सुट्टीआधी वर्षभराची गाणी गाऊन ठेवायची, आणि कंपनी दर महिन्याला एकेक बाहेर काढणार. घरात वर्षाची बेगमी करून ठेवतात ना, तसंच. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. बासरीवाल्यानेही असाच साठा करून ठेवला होता आणि त्या गायिकेनेही. त्यांनाही मोठी सुट्टी मिळणार होती.

मी सही केलीय. रोज दुपारी रेकॉर्डिंग चालतं. मेचा कार्यक्रम झाला की तिला थेट तुझ्याकडे आणतो. तू काळजी करू नकोस, मी आहे ना तिच्याजवळ.

बाब्या


२ एप्रिल

ताई गं,

हे पत्र मेकअपवालीच्या पर्समधून येतंय. दादाला माहीत नाही. आधी मनसोक्त रागावून घे. झालं? आता ऐक.

दादा सांगतो त्याहून मी जास्त बारीक झालेय. तो माझ्याकडे नीट बघतच नाही, घाबरतो बिचारा. आरशात बघितलं की मला तुझ्या दुकानातल्या हँगरवरचे कपडे आठवतात. स्टेडियममध्ये लोकांनी मला अशी पाहिली तर दुसऱ्या दिवशी पेपरात तेच येईल. मग रेकॉर्डिंग बंद, गाणी अर्धवट, आणि मी कायमची पलंगावर.

म्हणून लाल कोट माझ्या जुन्या मापाचा शीव आणि आतून भर. खांदे, छाती, पाठ, सगळं. त्या नाटकवाल्याचा एक खांदा पडलेला होता, तो तू असा भरून दिला होतास की तो मरेपर्यंत कुणाला कळलं नाही. तुला येतं. तुझ्याशिवाय कुणालाच येत नाही.

तू म्हणशील, गप विश्रांती घे. डॉक्टरांनी मला एकटीला एक गोष्ट सांगितलीय, ती दादाला माहीत नाही. बरी झाले तरी आवाज परत येईलच असं नाही. आवाज नसेल तर मी कोण गं? दुकानात बसून काजं करू? काजं करणं वाईट असं म्हणत नाही मी, लगेच नाक फुगवू नकोस. पण बासरीवाला आज असता तर साठीचा असता, गुडघे चोळत बसला असता, आणि कुणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नसतं. फोटोत तो अजून सत्तावीसचाच आहे. कधी कधी वाटतं, त्याचं बरंच झालं.

फक्त एक कार्यक्रम. मग घरी. तुझ्या गळ्याची शप्पथ.

छकुली


१४ एप्रिल

छकुले,

रागावून घेतलं. दोन दिवस मशीनला हात लावला नाही, गिऱ्हाइकं परत पाठवली.

बासरीवाल्याचं बरं झालं म्हणतेस, ते त्याच्या आईला जाऊन विचारलंस का? साठीचा होऊन गुडघे चोळत बसलेला मुलगा त्या माउलीने हसत सांभाळला असता. फोटोची पूजा तुम्ही लोक करता. घरच्यांना माणूस लागतं. मला तुझे पांढरे केस बघायचेत. तू चष्मा शोधत घरभर फिरावंस आणि मी म्हणावं, डोक्यावर आहे बयो. एवढंच हवंय मला, जास्त काही मागत नाही.

तरीही कोट पाठवतेय. तुला नाही म्हणणं मला कधी जमलं आहे? कापसाचे पातळ थर एकावर एक लावून अस्तराला बारीक टाक्यांनी धरलेत, म्हणजे तू हात वर केलेस तरी जागेवरून सरकणार नाहीत. बाहेरून हात लावून कळणार नाही. कुणी मिठी मारली तरी कळणार नाही. इतकं चोख काम मी आजवर केलं नव्हतं, आणि करताना इतकी भीती कधी वाटली नव्हती.

माझ्या अटी ऐक. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. एरवी हा कोट अंगाला लावायचा नाही. इंजेक्शन एकही चुकवायचं नाही. बाब्याला मी काही सांगत नाही, पण शब्द मोडलास तर मी आहे आणि तू आहेस.

तुझी ताई


१ जून

प्रिय ताई,

काय सांगू! लोक खुर्च्यांवर उभे होते. छकुली दोन तास गायली, मध्ये एकदाच पाणी प्यायली. आणि दिसत कशी होती म्हणून सांगू! अगदी आधीसारखी. कार्यक्रम संपल्यावर मी तिला मिठी मारली तर हाताला चांगली भरलेली लागली. मला रडूच आलं. महिनाभर मी तिच्याकडे नीट बघायलाही घाबरत होतो. उगाच घाबरत होतो!

तुझा कोट तिला इतका आवडलाय की ती दिवसभर अंगातून काढत नाही. स्टुडिओत गारठा असतो म्हणते. शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. ती म्हणाली, "दादा, वजन वाढलेलं तुला दिसत नाही का? तिकडे जाऊन रांगेत कशाला बसायचं?" मला पटलं.

आता रागावू नकोस. घरी यायला थोडा उशीर होईल. साहेबांनी कार्यक्रमात तिला बघितलं आणि म्हणाले, तब्येत सुधारतेय तर आणखी काही गाणी होऊन जाऊ देत. मीही विचार केला, ती बरीच होतेय तर काय हरकत आहे. सही केली. उद्या आम्ही टेकडीवरच्या बंगल्यात जातोय, तिथे साहेबांचा खाजगी स्टुडिओ आहे आणि हवाही चांगली आहे.

साहेबांनी खर्चात कसर ठेवलेली नाही. एक फोटोग्राफर आला होता, त्याने तिला पांढऱ्या कपड्यात, डोळे मिटून बसवलं. एक लेखक तिचं चरित्र लिहितोय. सगळी प्रकरणं त्याने मला दाखवली, शेवटचं सोडून. म्हणाला, ते नंतर. मी विचारलं, नंतर म्हणजे कधी? तो साहेबांकडे बघायला लागला आणि साहेब हसले. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण मोठ्या लोकांची कामाची पद्धत निराळी असते.

याच मापाचा एक काळा कोट शिवून ठेव.

बाब्या


६ जून

बाब्या,

ती भरलेली नाही. कोट भरलेला आहे.

मी भरलाय, कापसाने, माझ्या या हातांनी. तिने गळ घातली, एका कार्यक्रमापुरतं म्हणाली, शप्पथ घेतली. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. तुझ्या हाताला लागला तो माझा कापूस होता रे, ती नव्हती.

हे वाचत असशील तिथून ऊठ, तिचा कोट काढ आणि तिचा दंड हातात धरून बघ. मग डॉक्टरांना भेट आणि तिला घरी घेऊन ये. साहेबांना काय सांगायचं ते नंतर बघू. ती दोघं सुट्टीवर गेली होती का कधी? विचार त्यांना. साठा पुरा झाल्यावर दोघं किती जगली, ते विचार.

मेडिकलवाल्याच्या फोनवरून तुमच्या ऑफिसात तीनदा फोन केला. एक मुलगी गोड आवाजात सांगते, मॅडम रेकॉर्डिंगमध्ये आहेत. बंगला कुठे आहे ते सांगत नाही. मी चप्पल घालून तयार बसलेय पण जाऊ कुठे? पत्ता कळव. आज कळव.

काळा कोट मी शिवणार नाही.

ताई


२९ जून

ताई,

तुझं सहा तारखेचं पत्र मला काल मिळालं. टपाल आधी ऑफिसात जातं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. म्हणजे साहेबांनी ते वाचलं होतं आणि तरीही रोज दुपारी तिला माइकसमोर उभं केलं. मी काचेपलीकडे बसून अंगठा वर करून दाखवत होतो, छान, छान.

परवा शेवटचं गाणं होतं. शेवटची ओळ झाली आणि ती खाली बसली. तोंडातून रक्त आलं. कोटाची बटणं मी सोडली. कोट तसाच भरलेला राहिला आणि आत छकुली एवढीशी. माझ्याकडे बघून हसली, जणू लपाछपीत सापडली होती.

हॉस्पिटलचा पत्ता खाली लिहिलाय. तू ये.

एक बोलतो आणि मग कधीच बोलणार नाही. तू मला सांगायला हवं होतंस. मी मूर्ख आहे हे तुला लहानपणापासून माहीत आहे, मग माझ्या डोळ्यांवर तिला सोडलंस कशी? खूप राग आलाय मला तुझा. आणि सह्या मी केल्यात, दोन्ही. ये, ताई. मला एकट्याला हे झेपत नाही.

बाब्या


१७ जुलै

ताई,

तुला घरी पिटाळलं म्हणून रुसू नकोस. तू आणि दादा माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना बसायचात आणि एकमेकांकडे बघायचा नाहीत. मला बोलायची बंदी, नाहीतर दोघांना चांगली झापली असती. चूक तुम्ही दोघं वाटून घेताय, मग माझा वाटा कुठे गेला? तुला मी एक सांगितलं आणि दादाला दुसरं. तुम्ही दोघांनी फक्त माझं ऐकलं. लहानपणापासून तेच करत आलात.

काल साहेब आले होते. फुलं आणली होती. म्हणाले, गाणी चार वर्षं पुरतील, आता तू निवांत राहा. त्यांचं काम झालं होतं, दोन मिनिटांत गेले. चार वर्षं! मी सत्ताविशी ओलांडून तिशीची होईन तरी नवीनच गात राहीन. मला आनंद व्हायला हवा होता, हेच तर हवं होतं मला. आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. कारण त्यांनी मला विचारलंही नाही की पाचव्या वर्षाचं काय.

ताई, मला म्हातारी व्हायचंय. आवाज नसला तरी चालेल. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचाय.

डॉक्टर म्हणतात, ताप उतरला तर महिनाअखेर घरी नेता येईल. घालायला मात्र माझ्याकडे काही नाही. तुझे सगळे कोट आहेत, त्यात माझ्यासारख्या दोघी मावतील. एक साधा कपडा शीव, माझ्या खऱ्या मापाचा. नर्सबाईंनी टेप लावून माप घेतलंय, सोबत आहे. वाचून घाबरू नकोस. आणि कापूस घालू नकोस.

छकुली


२१ जुलै

छकुले,

माप वाचलं. घाबरले नाही. खोटं कशाला सांगू, घाबरले. दाजींनी पाणी आणून दिलं, स्वतः खडू घेतला आणि कापडावर रेघा आखल्या. वाकड्या आल्या, मग मी हसले आणि कात्री हातात घेतली.

पार्सल सोबत आहे. मऊ सुती कापड आहे, पुढून उघडणारं. बटणं पाठीला घेतली नाहीत, पडल्यावर टोचतात. आतून माया भरपूर सोडलीय. तू अंग धरायला लागलीस की दर महिन्याला थोडं उसवून मोठा करीन, त्यामुळे हाच कपडा तुला पुढची कितीतरी वर्षं पुरायचा आहे.

तुझा पलंग खिडकीपाशी घेतलाय. रस्त्यावरचं सगळं दिसतं, आणि कुणाकुणाची भांडणं ते मी मागून सांगत जाईन. काजं करायला लावणार नाही. लावलीच तर सोपी देईन.

बाब्याला म्हणावं, मी त्याच्यावर रागावलेली नाही. त्याचा राग अजून शिल्लक असेल तर घरी येऊन काढू दे.

लवकर या.

ताई


२६ जुलै

ताई,

मेकअपवालीच्या हाती हे पत्र देतोय. ती मिळेल त्या बसने पुढे येतेय. सकाळी मी फोन केला होता. मेडिकलवाल्याने उचलला. तुला हे त्याच्या तोंडून कळावं हे मला सहन झालं नाही, म्हणून "ताई बरी आहे ना" एवढंच विचारून ठेवून दिला.

तुझं पार्सल काल दुपारी आलं. तिने स्वतः सोडलं. कपडा उलटा करून शिवणीवरून बोटं फिरवली आणि पुटपुटली, "किती माया सोडलीय बघ दादा! मला केवढी जाडी करायचं ठरवलंय हिने!" हसली, मग खूप खोकली. नर्सबाईंनी कपडा घालून दिला. अगदी बरोबर बसला. संध्याकाळी तिला डोळा लागला. मी हात धरून बसलो होतो. मग तिने श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही.

आज सकाळपासून गेटवर तुफान गर्दी आहे. साहेबांचा माणूस लाल कोट घेऊन आला, धुतलेला, इस्त्री केलेला, आत नवा कापूस भरलेला. मागोमाग साहेब आले. लोकांना ती आठवते तशीच दिसायला हवी म्हणाले, दोन दिवस हॉलमध्ये ठेवू म्हणाले, कागदावर माझी सही आहे म्हणाले. मी नाही म्हटलं. ताई, त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि ते किती सोपं होतं हे बघून मला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. मार्चमध्येही ते इतकंच सोपं होतं.

बाहेर त्यांनी तिचं नवं गाणं लावलंय. टेकडीवरचं आहे. मधे एका जागी ती श्वास घेते, तो पुरत नाही, आणि ती तशीच पुढे जाते. त्या जागेला लोक टाळ्या वाजवतायत.

गाडी मागच्या दाराने काढतोय. तिच्या अंगावर तुझाच कपडा आहे. तू लिहिलं होतंस, तिला घरी घेऊन ये. आणतोय. दुपारपर्यंत पोचू. गाडी गल्लीत शिरणार नाही, म्हणून दाजींना तोंडाशी उभं राहायला सांग. आणखी कुणाला बोलावू नकोस, उचलायला आम्ही दोघं पुरू.

बाब्या